विशारद झाली आणि गाणे थांबले

आमच्या घरातील एक मुलगी विशारद झाली. प्रथम श्रेणीत झाली. प्रमाणपत्र हाती आले त्या दिवशी आम्ही तिगावात पेढे वाटले, पांढुर्ण्याहून काचेची चौकट करून आणली आणि बैठकीत आजोबांच्या तसबिरीशेजारी ते प्रमाणपत्र टांगले. या गोष्टीला आता चार वर्षे होतील. या चार वर्षांत तंबोऱ्याची गवसणी निघालेली आम्ही पाहिली नाही. विचारले तर मुलगी शांतपणे म्हणते, "परीक्षा झाली ना? आता कशाला गायचं?"

हे एकाच घरातील दुखणे असते तर आम्ही ते घरातच ठेवले असते. त्रैमासिकाची पाने त्यासाठी अडवली नसती. पण सौसर, पांढुर्णा, छिंदवाडा, जबलपूर, इंदूर, ग्वाल्हेर, जिथे जिथे आपली जुनी घराणी नांदत आहेत, तिथे नात्यागोत्यात एखादी आत्या, एखादी वहिनी, एखादा भाचा 'विशारद' असतो आणि गात नसतो. घरच्या लग्नात मंगलाष्टक म्हणायला सांगितले तर घसा बसल्याचे निमित्त पुढे येते. सात-आठ वर्षे कष्टाने शिकलेली विद्या अशी एका कागदात गोठून राहते, याला जबाबदार कोण? 'परीक्षापद्धती' असे उत्तर देऊन मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हाला हे उत्तर मान्य नाही. दोष परीक्षेचा थोडा आहे. आपला, म्हणजे मुलांना परीक्षेला बसविणाऱ्या घरांचा, फार आहे. हे कडू आहे, पण बोलायला हवे.

प्रथम परीक्षेची बाजू मांडू. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ख्यालगायकी मिळविली ती ग्वाल्हेर परंपरेच्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून. त्या काळी विद्या मिळवायची म्हणजे घरदार सोडायचे, गुरुगृही पडेल ते काम करायचे आणि गुरूची मर्जी होईल त्या दिवशी हाती येईल तेवढे पदरात बांधायचे. बाळकृष्णबुवांचे शिष्य पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि ही मर्जीची कडी काढून टाकली. वेळापत्रक आले, अभ्यासक्रम आला, स्वरलिपी आली, पुस्तके आली आणि त्यांच्यामागून परीक्षा आली. १९३१ साली पंडितजींचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून प्रवेशिकेच्या दोन, मध्यमेच्या दोन आणि विशारदच्या दोन अशा सात पायऱ्या, आणि त्यांच्याही वर अलंकार. दर वर्षी एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत देशभर या परीक्षा होतात.

या पायऱ्यांची किंमत मोठ्या शहरात राहणाऱ्याला कळणार नाही. तिगाव हे नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावरचे एक स्टेशन. घराणेदार गवई इथे बिऱ्हाड करीत नाही. १९५६ पर्यंत आमचा मुलूख आणि नागपूर एकाच प्रांतात होते; १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर तिकडे गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि मराठी नाटक-संगीताचे आमचे जवळचे शहर परराज्यात पडले. अशा गावातील शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, रेल्वेतील नोकरदाराच्या मुलीला पूरिया आणि मारवा यांत भेद काय हे शिकण्याचा अधिकार कोणी दिला असेल, तर तो या परीक्षेने दिला. तिने कोणाचे पाय चेपले नाहीत, ती कोणाच्या घराण्यात जन्मली नाही. शुल्क भरले, अर्ज केला, अभ्यास केला. म्हणून "परीक्षा देऊन का कोणी गवई होतो?" असे म्हणत मिशीला पीळ भरणाऱ्या आपल्यातील रसिकांना आम्ही नम्रपणे विचारतो: ज्या मुलीला गुरुकुल मिळणे शक्यच नव्हते, तिच्यासाठी तुमच्याजवळ परीक्षेवाचून दुसरी कोणती वाट आहे? असल्यास दाखवा. नसल्यास त्या वाटेवर दगड टाकू नका.

पण दरवाजा आत जाण्यासाठी असतो. आपण तो चौकटीसकट उखडून भिंतीवर टांगला. आमची खरी तक्रार आहे ती इथे.

विशारदची तयारी आपल्या घरांतून कशी होते ते पाहू या. गुणपत्रिकेवर नजर ठेवून होते. रागांची यादी भिंतीवर लागते. प्रत्येक रागाची एक बंदिश, चार आलाप, आठ ताना वहीत उतरवल्या जातात आणि त्या जशाच्या तशा घोकल्या जातात. तालांची दुगण, तिगण, चौगण हातावर मोजून पाठ होते. वादी, संवादी, गानसमय, थाट, समप्रकृतिक राग यांची उत्तरे बाजारातील मार्गदर्शकातून तोंडपाठ होतात. खोलीचे दार बंद असते, कारण बाहेर पाहुणे आलेले असतात किंवा दूरचित्रवाणी चालू असते. मोबाइलमध्ये तंबोरा, मोबाइलमध्येच तबला. शिक्षक आठवड्यातून एकदा भेटतात. अलीकडे तेही पुष्कळदा पडद्यावर. अशी सहा-सात वर्षे जातात. या सबंध काळात मुलगी माणसांसमोर अर्धा तास सलग गायली, असे किती वेळा घडते? आमच्या घरी एकदाही घडले नाही, हे आम्ही कबूल करतो.

आणि विशारदच्या परीक्षेचा गाभा तर तोच आहे. लेखी उत्तरपत्रिका आहेत, परीक्षकापुढे बसून रागांची ओळख पटविणे आहे. पण या सगळ्यांपलीकडे मंचप्रदर्शन नावाचा एक भाग आहे. तिथे विद्यार्थ्याने एक राग घेऊन एकट्याने मांडायचा असतो. प्रवेशिकेत प्रश्न विचारतात आणि मूल उत्तर देते. मंचावर प्रश्न विचारणारा कोणी नसतो. स्वतःलाच विचारायचे असते. बड्या ख्यालाला अठरा-वीस मिनिटे धरली आणि विलंबित एकतालाच्या एका आवर्तनाला पाऊण ते एक मिनिट लागते असे मानले, तर गाणाऱ्याच्या वाट्याला वीस-पंचवीस आवर्तने येतात. त्या वीस-पंचवीस आवर्तनांचे काय करायचे? कोणत्या स्वरावर किती थांबायचे, मंद्रात किती रेंगाळायचे, बंदिशीचे शब्द केव्हा सैल सोडायचे, तानेला केव्हा हात घालायचा, आणि हे सारे करून दर वेळी मुखडा पकडून समेवर कसे यायचे? हे वहीत लिहून ठेवता येत नाही. लिहून ठेवले तरी त्या दिवशीचा गळा, त्या दिवशीचा तबलजी आणि समोरची माणसे वेगळी असतात. पूर्वजांनी यासाठी मैफलीची शाळा काढली होती. आपण ती बंद केली आणि परीक्षेच्या दिवशी मुलीला प्रथमच मैफलीत बसवले.

आमच्या मुलीने मंचासाठी पूरिया निवडला होता. जाणकारांना ठाऊक आहे की पूरिया, मारवा आणि सोहनी या तिन्ही रागांचे स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. भेद आहे तो वागण्याचा. मारव्यात रिषभ-धैवताचे राज्य. पूरियाची भिस्त गंधार-निषादावर आणि त्याचा जीव मंद्र सप्तकात. सोहनी वरच्या सप्तकात फुलणारी. हा भेद मुलीने लेखी परीक्षेत पानभर लिहिला असेल. पण गाताना ती रिषभावर जरा जास्त रेंगाळली की पूरियाचा मारवा होतो, हे तिला सांगायला घरात कोणी नव्हते. होते, पण ऐकत नव्हते. आणखी एक गोष्ट सांगताना मान खाली जाते. ज्या रागात पंचमच नाही, त्यासाठी तंबोऱ्याची पहिली तार निषादात लावायची असते. आमच्या फोनवरचा तंबोरा महिनोन्महिने पंचमातच वाजत राहिला. मुलगी वर्ज्य स्वराच्या गुंजारवात बसून पूरियाची मेहनत करीत होती आणि आम्ही शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो.

परीक्षेचे केंद्र दूरच्या शहरात होते. खोलीत खरा तंबोरा होता, निषादात लावलेला. तो सूर तिच्या कानाला परका वाटला. साथीला हाडामांसाचा तबलजी होता. त्याने ठेका किंचित भरून वाजवला. यंत्राचा तबला असे कधी करीत नाही. तो चुकत नाही, खुलत नाही, आणि गाणाऱ्याचे ऐकतही नाही. मुलीची सम तीनदा हुकली. दहा-बारा मिनिटांत तिला थांबवून पुढचे विचारले गेले. पुढचे सर्व प्रश्न तिने धडाधड सोडवले, कारण ते पाठ होते. त्यामुळे श्रेणी आली. परतीच्या गाडीत नरखेड मागे पडेपर्यंत ती गप्प होती. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सहा वर्षं मी भिंतीकडे तोंड करून गायले."

यात परीक्षकाचा काय अपराध? त्याच्या दारी दिवसभर मुलांची रांग असते. केंद्रांनी प्रत्येकाला पुरेसा वेळ द्यावा, साथीदाराशी दोन मिनिटे बोलू द्यावे, संध्याकाळचा राग सकाळी अकराला गायला लावू नये, या मागण्या रास्त आहेत आणि संबंधितांनी त्यांचा विचार करावा. पण त्या सर्व मान्य झाल्या तरी भिंतीकडे तोंड करून गाण्याची सहा वर्षे परीक्षक परत देऊ शकत नाही. ती आमच्या घरात खर्च झाली.

एकल गायन म्हणजे एकट्याचे गायन, अशी आपली समजूत झाली आहे. तिगावात राहणाऱ्याला तरी ही चूक शोभत नाही. आमच्या स्टेशनापुढे चिंचोंड्याकडे घाट लागतो. अवजड मालगाडी तो चढताना तिला मागून इंजिन लावतात. पुढचे इंजिन एकटेच दिसते, गाडीवर नाव त्याचेच. पण घाट चढतो तो मागच्या रेट्याने. मंचावर मुलगी एकटी बसते हे खरे. तिच्यामागे तंबोरा धरणारी एक मैत्रीण, ठेका धरणारा एक मुलगा, समेवर मान हलवणारे दहा म्हातारे आणि "इथे घसरलीस गं" म्हणणारी एक काकू असते, तेव्हाच ती एकटीने गाऊ शकते. हे सगळे काढून घेतले की उरते ती भिंत.

कोणी म्हणेल, तिगावात ख्याल कोण ऐकणार? या प्रश्नामागे जो अहंकार आहे त्याचाही समाचार घेतला पाहिजे. आपल्या जुन्या घरांतून असा एक समज रुजला आहे की शास्त्रीय संगीत हे 'आपले', आणि देवळातील भजन हे 'गावाचे'. आमच्या भागातील भजनी मंडळात जो माणूस मृदंग वाजवतो, त्याने आयुष्यात कधी परीक्षा दिलेली नाही. पण त्याच्यासमोर लय हलवून दाखवा, लगेच भुवई चढेल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने या पंचक्रोशीत तीन पिढ्यांचे कान तयार केले आहेत. कार्तिकातल्या काकड्याला पहाटेच्या थंडीत जी मंडळी तासभर सुरात उभी राहतात, त्यांना ख्याल 'कळणार नाही' हे आपण त्यांना न विचारता ठरवले. सम कळायला पदवी लागत नाही.

कुमार गंधर्वांचे उदाहरण तर आपल्याच राज्यातील आहे. क्षयाने ग्रासलेला हा गायक १९४८ साली हवापालटासाठी देवासला आला. गाणे बंद करावे लागले होते. त्या सक्तीच्या मौनात त्यांनी माळव्यातील लोकांची गाणी कान देऊन ऐकली, आणि त्या धुनांतून त्यांना नवे राग सापडले. 'अनूपरागविलास' हा ग्रंथ त्याची साक्ष आहे. मराठी घरांतून वाढलेले गाणे परक्या मातीत गेले आणि तिथल्या बायाबापड्यांच्या गळ्यातील सूर ऐकून समृद्ध झाले. आपण मात्र पिढ्यान्पिढ्या या मातीत राहून शेजारच्या देवळातील मृदंगवाल्याला मुलीच्या साथीला बोलावत नाही, आणि साथीदार मिळत नाही म्हणून यंत्र विकत आणतो.

भाषेचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी 'हिंदुस्तानी संगीत पद्धती' हा आपला थोर ग्रंथ मराठीत लिहिला, चार भागांत, १९१० पासून पुढे. तोही कोरड्या सूत्रांत नव्हे. गुरू आणि शिष्य बोलत बसले आहेत, शिष्य शंका काढतो आहे, गुरू कधी समजावतो, कधी थट्टा करतो, कधी "हे मला ठाऊक नाही" असेही म्हणतो, अशा संवादरूपात. 'क्रमिक पुस्तकमालिका'ही मुळात मराठीतीलच. पुढे त्याच ग्रंथाचा हिंदी अवतार हाथरसहून 'भातखंडे संगीत शास्त्र' या नावाने निघाला, आणि त्यातून कापून-छाटून मार्गदर्शके तयार झाली. आज तिगावची मराठी मुलगी मराठीत लिहिलेल्या विचाराचे हिंदी भाषांतर, त्याचाही सारांश, त्याचीही प्रश्नोत्तरे पाठ करते. हिंदीशी आमचे काही वैर नाही. ती आमच्या शाळेची, कचेरीची, बाजाराची भाषा आहे आणि तिने आम्हाला सांभाळले आहे. या परीक्षांत मराठीतून उत्तरे लिहिण्याची मोकळीक आहे, आणि हिंदीतून लिहिणाऱ्या मुलीनेही खुशाल हिंदीत लिहावे. पण मूळ ग्रंथातील शिष्य जशी शंका काढतो, तशी एक तरी शंका तिला सुचली पाहिजे. शंका पाठांतरातून येत नाही. घरात त्या विषयावर बोलणे झाले तर येते. "या आलापात ही जागा छान घेतलीस," "सम गाठताना घाई झाली," अशी वाक्ये ज्या घरात आपल्या भाषेत बोलली जात नाहीत, त्या घरातील मुलीला शास्त्र परकेच वाटणार. मग ते कोणत्याही भाषेत छापलेले असो.

आता प्रमाणपत्राच्या बाजाराविषयी. शेजारच्या महाराष्ट्रात दहावीच्या निकालात शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळू लागले आहेत. हेतू चांगला असेल. परिणाम असा की नववी-दहावीपर्यंत परीक्षा 'उरकायच्या' आणि गुण पदरात पडले की पेटी माळ्यावर ठेवायची, हा हिशेब घरोघर रुजला. आमच्याकडे शिक्षण मंडळ वेगळे. तरी हिशेबाची ही हवा सीमेवर थांबत नाही. आपल्या घरांत त्याहून जुना एक हिशेब आहे. मुलीच्या लग्नासाठी जी माहिती छापतात, तीत शिक्षणाच्या रकान्यात 'बी.एस्सी., संगीत विशारद' असे असते. मुलगी पाहायला आलेल्यांसमोर तिला गायला लावण्याची जुनी चाल गेली, हे फार चांगले झाले. ती अपमानाची चाल होती. पण आता पाहुणे तो रकाना वाचून समाधानाने मान हलवतात आणि चहा पितात. लग्नानंतर सकाळी तंबोरा लावायला तिला एक तास मिळेल काय, हे ना ते सांगतात ना आपण विचारतो. सोन्याच्या तोळ्यांविषयी जितक्या स्पष्टपणे बोलणी होतात, तितक्या स्पष्टपणे त्या एका तासाविषयी झाली असती, तर आपल्या निम्म्या विशारद मुली आज गात असत्या, असे आम्हाला वाटते. मुलग्यांची कथा निराळी नाही. विशारद झालेला मुलगा नोकरी लागताच तबला भावंडांना देऊन टाकतो, आणि आपण म्हणतो, "चला, आता मार्गी लागला."

आमच्यावर आक्षेप येईल की प्रत्येक शिकणाऱ्याने कलावंत व्हावे असा हट्ट कशाला? आमचा तो हट्ट नाहीच. शंभर विशारदांतून एखादा मैफलीचा गायक झाला तरी पुष्कळ. उरलेल्या नव्याण्णवांनी काय करायचे, हाच आमचा प्रश्न आहे. त्यांनी घरात गायचे, देवळात गायचे, शेजारच्या मुलाला यमनचे आरोह-अवरोह सांगायचे, आणि जो एक मंचावर बसला आहे त्याचे नीट ऐकायचे. ग्वाल्हेरला कृष्णराव शंकर पंडितांसारख्यांनी विद्यालये चालविली, त्यांत शिकलेले सगळेच गवई झाले नाहीत. पण त्यांच्यामुळे त्या शहराला श्रोते मिळाले. श्रोता घडवणे हा या साऱ्या खटाटोपाचा मोठा लाभ होता. आपण गवईही घडवला नाही आणि श्रोताही गमावला.

तेव्हा काय करावे? मोठ्या योजना सांगण्याची आमची योग्यता नाही. पांढुर्णा आणि सौसर मिळून २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याबरोबर कचेऱ्या येतात, पण ऐकणारी माणसे शासनाच्या आदेशाने येत नाहीत. ती आपल्यालाच जमवावी लागतील. आम्ही फक्त तीन गोष्टी मागतो.

पहिली: ज्या घरातील मूल विशारदला बसणार आहे, त्या घराने परीक्षेआधीच्या सहा महिन्यांत त्याच्या तीन बैठका कराव्यात. बिछायत, पाणी, एक समई, इतके पुरे. १९५१ साली मालगुजारी गेली तरी तिच्याबरोबर वाडे गेले नाहीत. ज्यांच्याकडे अजून जुनी ओसरी किंवा दिवाणखाना उभा आहे, त्यांनी तिथली कापसाची आणि संत्र्याची अडगळ एका संध्याकाळपुरती बाजूला सारावी. मुलाने आपला मंचाचा राग अर्धा तास सलग गावा. चुकला तर चुकू द्यावा. मध्ये थांबवू नये. दुसऱ्या बैठकीत तोच राग, दुसऱ्या साथीदाराबरोबर. तिसऱ्या बैठकीत तोच राग, आणि श्रोत्यांत भजनी मंडळ.

दुसरी: घरात एक खरा तंबोरा असावा आणि तो लावता येणारे एक मोठे माणूस असावे. मिरजेच्या तंबोऱ्याची किंमत सगळ्यांना झेपत नाही हे आम्ही जाणतो. दोन-चार घरांनी मिळून एक घ्यावा. मूल गाते तेव्हा मोठ्या माणसाने मागे बसून तो छेडावा. गाणे येत नसले तरी हे येते. महिनाभरात कान सुधारतो. आणि मग पूरियाला पंचम चालत नाही, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

तिसरी: प्रमाणपत्र चौकटीत घालण्यापूर्वी त्या मुलाकडून गावात एक विद्यार्थी घेण्याचे कबूल करून घ्यावे. एकच. शुल्क घ्यावे, न घ्यावे, तो त्याचा प्रश्न. शिकवायला बसला की पाठांतराचे पितळ उघडे पडते आणि खरे शिकणे तिथून सुरू होते.

या तीन गोष्टींसाठी कोणाची परवानगी लागत नाही, अनुदान लागत नाही. लागते ती आपली एक संध्याकाळ, जी आपण एरवीही कुठेतरी घालवतच असतो.

दुसऱ्यांना सांगण्यापूर्वी घरापासून सुरुवात करावी, म्हणून हेही लिहितो. आमच्या आळीतील दुसरी एक मुलगी येत्या नोव्हेंबरच्या सत्रात विशारद पूर्णला बसते आहे. तिची पहिली बैठक कोजागिरीला आमच्या ओसरीत ठेवली आहे. मृदंगवाले बुवा तबल्यावर ठेका धरायला तयार झाले. "विलंबित म्हणजे किती विलंबित, ते आधी ऐकू द्या," एवढेच म्हणाले, आणि सध्या रोज संध्याकाळी येऊन ऐकत आहेत. तंबोरा काढला. दोन तारा गंजल्या होत्या, त्या बदलल्या. मागे बसून तो कोण धरणार, असे आम्ही मुद्दामच सर्वांसमोर विचारले. आमची विशारद दारात उभी होती. ती काही बोलली नाही. पण रात्री उशिरा बैठकीतून आवाज आला म्हणून आम्ही डोकावलो, तर अंधारातच बसून ती पहिली तार पंचमावरून निषादावर चढवीत होती.

आम्ही आत गेलो नाही. वाचकांपैकी ज्यांना कोजागिरीला तिगावपर्यंत येणे जमेल, त्यांनी अवश्य यावे. गाणे आठला सुरू होईल.